टर्न अडकतो, पंखा घोंगावतो, पीसी बंद पडतो: नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो. तुमची यांच्याशी जुळत असतील तरच पुढं वाचा.

गेम सुरू केल्यावर पहिला पाऊण तास सगळं लोण्यासारखं चालतं. मग 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये 'नेक्स्ट टर्न' दाबलं की बटण नुसतं फिरत राहतं. आधी वीस सेकंद लागायचे, आता पाणी पिऊन आलं तरी संगणकाच्या राजांच्या चाली संपत नाहीत. 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये नकाशा झकास सरकतो, पण रस्त्यावरच्या गाड्या मुंगीच्या पावलानं जातात आणि तारीख पुढं सरकत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये मोठी लढाई जुंपली की सगळं संथ होतं, आणि ऑनलाइन असाल तर बाकीचे सात जण तुमच्या नावानं शंख करतात. कॅबिनेटचा पंखा खोलीतल्या कूलरशी शर्यत लावतो. शेवटी फट्‌दिशी पडदा काळा. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, काही नाही.

यातली खरी गोम अशी की त्याच पीसीवर गोळीबाराचे गेम बिनतक्रार चालतात. त्यामुळं दुकानात नेलं की दहा मिनिटं एखादा गेम चालवून "ओके आहे" म्हणून परत देतात, नाहीतर "कार्ड बदला" म्हणतात. गेल्या सहा-सात उन्हाळ्यांत परभणी, मानवत, सेलू अशा भागातल्या मित्रांचे, मित्रांच्या भावांचे आणि त्या भावांच्या मेव्हण्यांचे मिळून वीसेक पीसी मी याच तक्रारीसाठी उघडलेत. कार्ड खराब निघालं ते एकदा. बाकी सगळीकडं दोष प्रोसेसरवरचा ताण, उष्णता किंवा वीज यांच्यातच होता.

असं का होतं, ते थोडक्यात. गोळीबाराच्या गेममध्ये मुख्य काम चित्र काढायचं, ते कार्ड करतं. स्ट्रॅटेजी आणि सिम्युलेशनमध्ये मुख्य काम हिशेबाचं. आठ राजांनी कोणावर चाल करायची, हजारो गाड्यांनी कुठल्या रस्त्यानं जायचं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. शिवाय यातला बराच हिशेब एकामागून एकच करावा लागतो, कारण पहिल्या राजानं फौज हलवल्याशिवाय दुसऱ्याला आपली चाल ठरवता येत नाही. म्हणून जास्त कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले हिशेबनीस, असूनही उपयोग बेताचाच. एकेक कोअर किती वेगानं आणि किती वेळ न थकता पळतो, त्यावर खेळ.

फुकटातली तपासणी: मोबाइलचं स्टॉपवॉच

याला मी 'पहाटेची परीक्षा' म्हणतो. बाकी काही करायचा कंटाळा असेल तरी एवढी कराच, कारण पुढं कुठल्या वाटेनं जायचं ते हिच्यावरून ठरतं.

शेवटाकडं आलेला, म्हणजे दीडशे-दोनशे टर्न झालेला एक सेव्ह निवडा. त्याला वेगळं नाव देऊन ठेवा. सकाळी सहाला, पीसी रात्रभर थंड असताना, तो उघडा. 'नेक्स्ट टर्न' दाबा आणि पुन्हा आपली पाळी येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन टर्न मोजा, कागदावर लिहा. दुपारी तीनला तासभर खेळून झाल्यावर तोच सेव्ह पुन्हा उघडा आणि तेच तीन टर्न मोजा.

मानवतच्या एका पोराच्या पीसीवर सकाळी २३, २४, २३ सेकंद आले आणि दुपारी ४१, ४८, ५२. सेव्ह तोच, टर्न तेच, पीसी तोच. मग बदललं काय? फक्त तापमान. दुसऱ्या एकाकडं दोन्ही वेळेला ३८च्या आसपास आले. तिथं उष्णतेचा काही संबंध नव्हता, त्यानं नकाशाच झेपणार नाही एवढा घेतला होता. आणि आकडे दोन्ही वेळेला सारखे, पण मध्येच पीसी बंद पडला, तर थेट विजेच्या भागाकडं जा.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघून ठेवा. गेम दर वेळी नेमक्या त्याच टर्नला पडतो का? १८७ व्या टर्नला तीनदा पडला असेल तर हार्डवेअरला दोष देऊ नका. सेव्ह तरी बिघडलाय, नाहीतर एखादा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली जोड, नडतोय. चार-पाच टर्न मागचा ऑटोसेव्ह उघडा आणि या वेळी वेगळी चाल खेळा. बऱ्याचदा गाडी पुढं सरकते. हार्डवेअरचा दोष टर्न मोजत बसत नाही, तो कधीही पाडतो.

गेममधल्या गोष्टी

दोन्ही वेळेला आकडे जास्त आले असतील तर खर्च शून्य, फक्त हाव आवरायची.

'सिव्हिलायझेशन ६'चा स्टँडर्ड नकाशा ८४ बाय ५४, म्हणजे ४,५३६ षटकोनांचा. त्यात ८ राजे. ह्यूज नकाशा १०६ बाय ६६, म्हणजे ६,९९६ षटकोन आणि १२ राजे. षटकोन दीडपट झाले म्हणून हिशेब दीडपट होत नाही, कारण प्रत्येक राजाला इतर प्रत्येकाशी तह-तंटे सांभाळायचे असतात. जुन्या चार कोअरच्या पीसीवर स्टँडर्डच्या वर जाऊ नका. 'क्विक मूव्हमेंट' आणि 'क्विक कॉम्बॅट' चालू करा. शत्रूच्या फौजा चालताना बघण्यात जाणारा वेळ वाचतो. हा हिशेबाचा वेळ नव्हे, पण स्टॉपवॉचमध्ये तोही येतो आणि आपण उगाच प्रोसेसरला शिव्या देतो.

'एज ऑफ एम्पायर्स २'च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये लोकसंख्येची मर्यादा ५०० पर्यंत नेता येते. आठ खेळाडू गुणिले ५००, म्हणजे ४,००० माणसं, आणि प्रत्येकाला वाट शोधून द्यायची. २०० वर ठेवली तर आकडा १,६०० वर येतो. ऑनलाइन खेळताना सगळ्यांचे पीसी एकाच तालात चालावे लागतात, म्हणून एकाचा पीसी दमला की आठही जणांचा खेळ संथ होतो. मित्रांच्या शिव्या बसतात त्या यामुळं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

'सिटीज: स्कायलाइन्स'च्या पहिल्या भागात एका वेळी जास्तीत जास्त १६,३८४ गाड्या रस्त्यावर असू शकतात. शहर त्या आकड्याकडं जायला लागलं की वेग मंदावणारच. तिथं स्टीमच्या वर्कशॉपमधून (खेळाडूंनी बनवलेल्या वस्तू जिथं मिळतात तिथून) उतरवलेल्या इमारती-झाडांचा भार रॅमवर पडतो, तो निराळाच. 'बाल्डर्स गेट ३'च्या तिसऱ्या अंकात शहरात शिरल्यावर हेच होतं, कारण गर्दीतला प्रत्येक माणूस काही ना काही करत असतो. ग्राफिक्स कमी करून तिथं फारसा फरक पडत नाही; गर्दीसाठी वेगळी सेटिंग दिसली तर ती आधी खाली आणा.

मॉड सगळे बंद करा आणि पुन्हा मोजा. एकेक करत बंद करू नका, निम्मे-निम्मे बंद करा. तीस मॉड असतील तर पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. फक्त मूळ सेव्ह बाजूला कॉपी करून ठेवा, कारण मॉड काढल्यावर काही सेव्ह उघडतच नाहीत.

स्टीमवर गेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स' आहे, तिथं फाइल पडताळणीचं बटण आहे. वीज अचानक गेल्यावर ते एकदा दाबायची सवय लावा. अर्धवट लिहिलेली फाइल तिथं पकडली जाते.

टास्क मॅनेजर आणि त्यातला चकवा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. पोरं मला स्क्रीनचा फोटो पाठवतात, "दादा बघा की, प्रोसेसर नुस्ता तीस टक्केच चालायलाय, मग अडकायलंय कशानं?" हा चकवा आहे. ते तीस टक्के सगळ्या कोअरची सरासरी. एकच कोअर घाम गाळत असतो आणि बाकीचे पारावर बसलेले असतात. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा, मग चित्र जरा खरं दिसतं. तरीसुद्धा एक कोअर शंभरावर चिकटलेला दिसेलच असं नाही, कारण विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं.

त्यापेक्षा मेमरीचा आकडा जास्त कामाचा. ८ जीबी रॅम, मागं ब्राउजरच्या वीस टॅब, त्यात एक क्रिकेटची, आणि पुढं मोठं शहर: नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की विंडोज डिस्कला रॅम म्हणून वापरायला लागतं. डिस्क जुनी हार्ड डिस्क असेल तर ती करकरते आणि गेम गोठतो. ब्राउजर बंद करून पुन्हा मोजा. फरक पडला तर ८ जीबीची आणखी एक पट्टी हा या सगळ्या लेखातला सर्वांत चांगला खर्च. कार्डापेक्षा ती स्वस्तच पडते.

सेव्ह होताना दर टर्नला हिसका बसत असेल तर 'डॉक्युमेंट्स' फोल्डर वनड्राइव्हमध्ये जातोय का बघा. पुष्कळ गेम सेव्ह तिथंच ठेवतात, आणि नेट मंद असलं की प्रत्येक ऑटोसेव्ह वर चढवण्यात पीसी गुंतून पडतो.

उष्णता: इथंच बहुतेकांचं घोडं अडतं

'एचडब्ल्यूइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवण्यापुरतं चालू करा आणि गेम खेळा. तासानं 'मॅक्सिमम'च्या रकान्यात प्रोसेसरचं तापमान वाचा. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना आणि एएमडीचे बहुतेक रायझन ९० ते ९५ अंशांना स्वतःचा वेग कापतात, जीव वाचवायला. 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढं 'येस' आलं असेल तर दुपारच्या ५२ सेकंदांचा उलगडा झाला.

हे थंडीत का होत नाही याचं गणित सोपं आहे. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, तो फक्त फरक ठरवतो. समजा तुमच्या पीसीत हा फरक ४५ अंशांचा आहे. जानेवारीत खोली २० अंश, प्रोसेसर ६५. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२, प्रोसेसर ८७. त्यात धुळीनं फरक ४५ चा ५८ झाला की बरोबर १००. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत हिवाळ्यात पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चव्वेचाळीसच्या पुढं जातो, अशा गावात एकच सेटिंग बारा महिने चालवायची म्हणजे स्वेटर घालून मळणीला जाण्यासारखं आहे.

म्हणून आधी बिनखर्चाचं करा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. गेममध्ये फ्रेमची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याची, मर्यादा ६० वर बांधा. टर्नच्या खेळात दीडशे फ्रेमची गरज कोणाला? कार्ड उगाच तापतं आणि त्याची झळ त्याच डब्यात प्रोसेसरला लागते. लॅपटॉप असेल तर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ करून बघा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा वेगाची धाव, बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही. टर्न दोन-चार सेकंद लांबतो, पण दुपारी ५२ वर जाण्यापेक्षा ते परवडलं.

कूलरचा झोत उघड्या कॅबिनेटवर सोडू नका. हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. गार वारा लागतो म्हणून एकानं बाजूचं झाकण काढून कूलर थेट मदरबोर्डवर लावला होता. तापमान खरंच उतरलं. पण आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते बादलीच्या काठावरच्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तसाच पांढुरका थर दोन महिन्यांत रॅमच्या खाचेत दिसला, आणि मग पीसी चालूच होईना.

आता सफाई. वायर काढून पीसी अंगणात आणा. सुकं रंगकामाचं ब्रश घ्या. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, कारण जोराच्या हवेनं पंखा भलताच फिरला तर त्याची बेअरिंग जाते. हातातला छोटा ब्लोअर चालेल. पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून आणू नका. त्या टाकीत साचलेलं पाणी आणि तेल हवेबरोबर बाहेर येतं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटी नीट बघा. सोयाबीनच्या मळणीनंतर तिथं भुश्श्याचा नमदा झालेला असतो, आणि जिनिंगच्या जवळ घर असेल तर कापसाच्या तंतूंचा. मानवतच्या त्या पीसीतून असा नमदा सबंध निघाला, अगदी गोधडीच्या तुकड्यासारखा. पंखा वरून स्वच्छ दिसत होता. खाली हवाच जात नव्हती.

इंटेलच्या पेटीबरोबर आलेल्या पंख्याला प्लास्टिकचे चार पाय असतात. त्यातला एखादा सुटलेला असतो, हे मी पाच-सहा पीसींत बघितलंय. पंखा हलकेच हलवून बघा. डुगडुगला तर तो प्रोसेसरवर नीट बसलेला नाही. पाय पुन्हा बसवताना प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावा. शे-दोनशे रुपयांची नळी तीन-चार पीसींना पुरते. मध्ये तुरीएवढा ठिपका पुरे. खाली पिना असलेल्या जुन्या रायझनवरून पंखा काढायचा असेल तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि पंखा उचलण्याआधी किंचित पिळा, नाहीतर वाळलेल्या पेस्टमुळं प्रोसेसर खाचेतून उपटून वर येतो आणि पिना वाकतात.

वीज

उष्णतेनं बंद पडणारा पीसी आधी दमतो, मग पडतो. विजेनं बंद पडणारा दमत नाही, थेट जातो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'सिस्टिम'खाली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद शोधा. ती एवढंच सांगते की पीसी नीट बंद झाला नव्हता. पण तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला त्रुटी लिहायलाही सवड मिळाली नाही, आणि संशय एसएमपीएस (कॅबिनेटमधला, पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा बाहेरच्या विजेवर जातो.

बंद पडण्याची वेळ आठ दिवस लिहून ठेवा. सेलूच्या एकाकडं पीसी रोज रात्री साडेनवाच्या सुमारास जायचा. त्या वेळी घरात कोणीतरी बोअरची मोटर लावायचं आणि त्याच बोर्डावर पीसी होता. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. पंख्याला आणि दिव्याला ते पचतं, थकलेल्या एसएमपीएसला पचत नाही. पीसी वेगळ्या लाइनवर घेतला आणि प्रश्न मिटला, फुकटात.

इन्व्हर्टरवर खेळत असाल तर त्याच्या मागं 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा. ते चालू केलं की वीज गेल्यावर बॅटरीकडं वळायला कमी वेळ लागतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर पुष्कळ नवे एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंद पडतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो आणि मॉनिटरही त्याच्यावरच असतो, हे विसरू नका. तो खेळण्यासाठी नसतोच, सेव्ह करून बंद करण्यापुरता असतो.

रॅम आणि डिस्क सगळ्यात शेवटी. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधा आणि रात्री चालवून झोपा. एक जरी चूक निघाली तरी पट्ट्या काढून, पिनांवरून खोडरबर हलक्या हातानं फिरवून, कण झटकून पुन्हा बसवा. मग एकेक पट्टी लावून बघा. डिस्कसाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' उघडा. पिवळं किंवा लाल दिसलं तर त्या दिवशी गेम खेळू नका, आधी घरातले फोटो दुसरीकडं हलवा.

इथं हात थांबवा

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पीसी चालूच ठेवू नका. हा पीसीवाल्याचा नव्हे, वायरमनचा विषय आहे. घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय. सगळ्या घरातले दिवे एकदम भगभगले किंवा मंद झाले तर मेन स्विच पाडा, न्यूट्रल सुटलेला असू शकतो. डीपीवर स्वतः काठी घेऊन जाणारे आपल्याकडं कमी नाहीत, त्यातले होऊ नका. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, वायर काढलेली असली तरी नाही, कारण आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. जळका वास आला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला, तर तिथंच थांबा. वॉरंटीचं सील असेल तर स्क्रू-ड्रायव्हर लावण्याआधी कंपनीला फोन.

दुकानात जाताना 'गेम अडकतो' एवढंच सांगू नका. पहाटेचे आणि दुपारचे सेकंद, सगळ्यात जास्त तापमान, बंद पडण्याच्या वेळा, '४१'च्या नोंदीचा फोटो हे एका कागदावर नेऊन द्या. आणि तो जड सेव्ह पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्यांच्यासमोर तोच तासभर चालवायला लावा, कारण दहा मिनिटांत हा दोष कधीच दिसत नाही.